फ्रिज नुसता टक्‌टक् करतोय? कॉम्प्रेसर बदलण्याआधी रिले तपासा

मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे सरकला की सोलापुरात फ्रिज-दुरुस्तीवाल्यांचे फोन लागेनासे होतात. कोणी आलाच तर दोन मिनिटं कान लावून निकाल देतो : ‘कॉम्प्रेसर गेला, साहेब.’ खर्च सहा-सात हजार. हा निकाल कधी खरा असतो, कधी नसतो. कारण कॉम्प्रेसर मेल्यासारखा वाटायला लावणारा शे-दोनशे रुपयांचा एक भाग त्याच्याच अंगाला चिकटलेला असतो. तो म्हणजे स्टार्टिंग रिले. बोअरच्या मोटरचीही हीच गत. मोटर गुरगुरते, फिरत नाही, आणि दोष निघतो वरच्या पॅनलमधल्या कंडेन्सरमध्ये.

रिले कुठे असते, ती बिघडल्याचं कसं ओळखायचं, घरच्या घरी काय तपासता येतं, मेकॅनिकला काय विचारायचं आणि किती पैसे द्यायचे, याचा हा हिशोब.

रिलेचं काम काय

घरात येणारी वीज सिंगल फेजची. सिंगल फेजवर मोटर आपणहून फिरायला लागत नाही, जागच्या जागी गुरगुरते. म्हणून तिच्यात दोन वायंडिंग असतात. रनिंग वायंडिंग कायम चालू राहतं. स्टार्टिंग वायंडिंगची तार बारीक असते आणि तिचं काम फक्त सुरुवातीचा धक्का देण्यापुरतं, म्हणजे जेमतेम सेकंदभराचं. मोटरने साधारण ७५ टक्के वेग घेतला की स्टार्टिंग वायंडिंग बाजूला काढावं लागतं. हे जोडण्या-तोडण्याचं काम रिले करते.

त्यामुळे रिलेचे बिघाडही दोन. जोडलंच नाही, तर मोटर सुरू होत नाही. तोडलंच नाही, तर स्टार्टिंग वायंडिंग तापत राहतं आणि शेवटी जळतं. पहिल्या बिघाडात खर्च रिलेपुरता राहतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर बिल अख्ख्या मोटरचं येतं.

बाजारात तीन प्रकार दिसतात.

*पीटीसी रिले :* आजच्या बहुतेक साध्या फ्रिजमध्ये हीच असते. आत सिरॅमिकची गोल चकती. थंड असताना तिच्यातून करंट सहज जातो, तापली की तिचा रोध हजारो ओहमवर जातो आणि स्टार्टिंग वायंडिंग आपोआप सुटतं. हलणारा भाग एकही नाही.

*करंट रिले :* जुन्या फ्रिजमध्ये आणि वॉटर कूलरमध्ये. आत तारेची कॉइल आणि वरखाली होणारा पॉइंट. मोटर सुरू होताना जादा करंट ओढते तेव्हा पॉइंट वर खेचला जातो, करंट उतरला की स्वतःच्या वजनाने खाली पडतो. म्हणून ही रिले उभीच बसवावी लागते. आडवी किंवा उलटी बसवली तर ती काम करत नाही.

*व्होल्टेज रिले :* मोठे डीप फ्रीझर आणि काही ऑटोमॅटिक पंप पॅनल यांत. मोटरचा वेग वाढला की स्टार्टिंग वायंडिंगवरचं व्होल्टेज वाढतं आणि ही रिले पॉइंट उघडते.

तुमच्या फ्रिजवर ‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर’ असं लिहिलं असेल तर यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. तिथे रिले नसते, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि तो तपासणं कंपनीच्या माणसाचं काम आहे.

आवाजावरून अंदाज

फ्रिजच्या मागे खाली काळा कॉम्प्रेसर असतो. त्याच्याजवळ कान नेऊन पाच-सात मिनिटं ऐका.

गुरगुर सुरू होते, पाच-दहा सेकंदांनी ‘टक्’ होतं, शांतता. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. इथे संशयितांचा क्रम असा लावायचा : कमी व्होल्टेज, रिले, कंडेन्सर असल्यास तो, आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर. ‘टक्’ हा आवाज रिलेचा नसून तिच्या शेजारच्या ओव्हरलोडचा असतो. जादा करंटने तो तापतो आणि मोटर जळू नये म्हणून वीज तोडतो. म्हणजे तो आपलं काम चोख करतोय.

कॉम्प्रेसर सुरू होतो, पण काही मिनिटांनी ‘टक्’ होऊन बंद पडतो. इथे मागची जाळी धुळीने भरली आहे का, फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला आहे का, हे आधी पाहा. त्यानंतर संशय पीटीसीवर, म्हणजे ती स्टार्टिंग वायंडिंग सोडत नसावी.

आवाजच नाही आणि आतला दिवा मात्र लागतोय. मग थर्मोस्टॅट, ओव्हरलोड किंवा सुटलेली वायर.

प्लग लावताच एमसीबी पडते. इथे हात लावू नका. शॉर्ट किंवा बॉडीला करंट असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट मेकॅनिकला बोलावण्याआधी ध्यानात घ्या. वीज जाऊन लगेच परत आली की चांगला फ्रिजही पहिल्या दमात सुरू होत नाही. पीटीसी अजून तापलेली असते आणि गॅसचा दाबही उतरलेला नसतो. अशा वेळी फ्रिजचं बटण बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग चालू करा. तेवढ्याने चालू झाला तर बिघाड नाही. फ्रिजला तीन मिनिटांचा टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर लावला की हा प्रश्नच मिटतो.

आधी व्होल्टेज, मग पाना

घरगुती वीज २३० व्होल्टची. नियमानुसार तिच्यात ६ टक्क्यांचा चढउतार चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटरा एकाच वेळी चालू होतात आणि ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर शेवटच्या घरांत व्होल्टेज चांगलंच खाली येतं. १८० व्होल्टवर नवी कोरी रिलेसुद्धा जुना कॉम्प्रेसर उचलेलच असं नाही.

तीनशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर घरी असावाच. फ्रिज गुरगुरत असतानाच शेजारच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा. रिकाम्या लाइनवर २२५ आणि गुरगुरताना १९०, असं दिसलं तर दोष लाइनमध्ये, लूज कनेक्शनमध्ये किंवा बारीक वायरिंगमध्ये आहे. घरातलं वायरिंग ठीक असूनही व्होल्टेज कमीच दाखवत असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. या कामाला पैसे लागत नाहीत.

फ्रिजची रिले घरी तपासताना

पहिला नियम : प्लग सॉकेटमधून काढून बाजूला ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंधरा मिनिटं थांबा. चालू फ्रिजमधली पीटीसी हात पोळेल इतकी गरम असते.

कॉम्प्रेसरच्या कुशीला प्लॅस्टिकचं काळं झाकण असतं. ते तारेच्या क्लिपने अडकवलेलं असतं. क्लिप सरकवली की आत रिले आणि ओव्हरलोड दिसतात. काही मॉडेलमध्ये दोन्ही एकाच डबीत असतात. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मगच रिले सरळ मागे ओढून काढा. वाकडीतिकडी हलवली तर कॉम्प्रेसरची पिन तुटू शकते, आणि पिन तुटली की कॉम्प्रेसर खरोखरच गेला.

*हलवून पाहा.* पीटीसी कानाजवळ धरून हलवा. आत खडखडाट झाला तर चकती फुटली. जळका वास, वितळलेलं प्लॅस्टिक, काळी पडलेली भोकं, यांपैकी काही दिसलं तरी निकाल तोच. मीटरची गरज नाही.

*मोजून पाहा.* मीटर २०० ओहमवर ठेवा आणि पीटीसीच्या ज्या दोन भोकांत कॉम्प्रेसरच्या पिना बसतात त्यांत टोकं घाला. थंड असताना साधारण १० ते ५० ओहम दिसायला हवेत. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. ‘ओएल’ किंवा डाव्या बाजूला नुसता ‘१’ दिसला तर रिले उघडली. अगदी शून्य दाखवलं तर आतून शॉर्ट झाली.

*करंट रिले असेल तर* ती उभी धरून पॉइंट तपासा, जोड दिसता कामा नये. उलटी केली की पॉइंट पडून जोड दिसला पाहिजे. दोन्ही स्थितींत एकच उत्तर आलं तर पॉइंट चिकटले किंवा झिजले.

*व्होल्टेज रिलेवर* १, २ आणि ५ असे आकडे असतात. १ आणि २ मध्ये जवळपास शून्य ओहम, २ आणि ५ मध्ये काही हजार ओहम, हे योग्य.

*ओव्हरलोडच्या* दोन टोकांत थंड असताना जवळपास शून्य यायला हवं. पंधरा मिनिटं थंड होऊनही जोड येत नसेल तर तो बदला. त्याला वगळून वायर थेट जोडू नका. तसं करून ‘चालू करून देणारे’ भेटतात, आणि मग उन्हाळ्याच्या एखाद्या दुपारी कॉम्प्रेसर जळतो.

*शेवटी कॉम्प्रेसरच्या तीन पिना.* त्यांतली एक कॉमन, एक स्टार्टिंग, एक रनिंग. तिन्ही जोड्या मोजा. समजा १२, १९ आणि ३१ ओहम आले. सर्वांत मोठा आकडा हा उरलेल्या दोघांची बेरीज असला पाहिजे. इथे १२ आणि १९ मिळून ३१, म्हणजे वायंडिंग शाबूत. आता मीटर मोठ्या रेंजवर नेऊन प्रत्येक पिन आणि कॉम्प्रेसरचा रंग खरवडलेला पत्रा यांत मोजा, काहीच दिसता कामा नये. बेरीज जुळत नसेल, किंवा पिन आणि पत्रा यांत जोड दिसला, तर कॉम्प्रेसर गेल्याचं मेकॅनिक खरं सांगतोय.

वायंडिंग बरोबर, रिले नवी, व्होल्टेज चांगलं आणि तरीही गुरगुर थांबत नसेल तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे. त्यालाही रिलेचा इलाज नाही.

नवी रिले घेताना जुनी सोबत न्या आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा फोटो दाखवा. त्या लेबलवर ‘आर-६००ए’ लिहिलं असेल तर हा गॅस पेट घेणारा आहे. त्याला ठिणगी पडणारी जुन्या धाटणीची उघडी रिले लावू नये, कंपनीने दिली तशीच लावावी. कंडेन्सर, रिले आणि ओव्हरलोड एकत्र असलेला ‘थ्री-इन-वन’ सगळ्यांना चालतो असं दुकानदार सांगतात. जुना, दमलेला कॉम्प्रेसर त्यावर काही महिने निघतोही. पण तो तात्पुरता उपाय आहे एवढं लक्षात ठेवून घ्या.

बोअर आणि हौदाची मोटर

एक एचपीच्या सिंगल फेज सबमर्सिबलचं पॅनल उघडलं की दोन कंडेन्सर दिसतात. लहान मापाचा रनिंग कंडेन्सर कायम लाइनमध्ये असतो, मोठ्या मापाचा स्टार्टिंग कंडेन्सर क्षणभरच लागतो. ज्या पॅनलचं हिरवं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं, तिथे रिलेचं काम तुमचं बोट करतं. बोट लवकर काढलं तर मोटर उचलत नाही, फार वेळ धरलं तर कंडेन्सर फुगतो. ऑटोमॅटिक पॅनलमध्ये तेच काम रिले किंवा टायमर करतो.

तपासणीचा क्रम : मेन बंद, एमसीबी खाली. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून तो जुन्या १०० वॉटच्या बल्बच्या दोन वायरींतून रिकामा करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मग मीटरवर मायक्रोफॅरड मोजा. रनिंग कंडेन्सरवर ३६ लिहिलंय आणि मीटर ३२ च्या खाली दाखवतोय, तर बदला. डोकं फुगलं असेल किंवा तेल झिरपलं असेल तर मोजायचीही गरज नाही.

कंडेन्सर वारंवार जात असतील तर केबल पाहा. बोअरमध्ये मोटर १०० मीटरवर असेल आणि केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर ८ ॲम्पिअरवर साधारण १३ व्होल्ट वाटेतच जातात. सुरू होताना ३० ॲम्पिअर धरले तर ४८ व्होल्ट. केबल १.५ ची असेल तर हेच आकडे २१ आणि ८० होतात. घरात २१० व्होल्ट असले तर खाली मोटरपाशी १३० पोचतात. ती मोटर उचलणार कशी? केबलमध्ये वाचवलेले पैसे नंतर रिले, कंडेन्सर आणि वायंडिंगमध्ये जातात.

हौदावरच्या अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉकला बहुधा रिले नसते, एकच कंडेन्सर असतो. प्लग काढून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवा. सहज फिरला तर संशय कंडेन्सरवर. घट्ट बसला असेल तर क्षार किंवा गंजाने इंपेलर धरलाय. दोन महिने बंद राहिलेल्या मोटरीत हे हमखास होतं.

यंत्रमागाची मोटर थ्री फेज. तिला स्टार्टिंग रिले लागतच नाही. तिच्या स्टार्टरमध्ये असते ती ओव्हरलोड रिले. ती वारंवार पडत असेल तर एक फेज गेला आहे का, बेअरिंग जड झालंय का हे बघा. रिलेचा ॲम्पिअरचा काटा पुढे सरकवून मोटर चालवू नका.

किती खर्च येतो

हे दर साधारण आहेत. कंपनी, क्षमता आणि हंगामाप्रमाणे वरखाली होतात, पण मेकॅनिकचा आकडा कितपत रास्त आहे हे कळायला पुरेसे आहेत.

- स्थानिक मेकॅनिकची भेट : २०० ते ४०० रुपये. काम केलं तर बरेच जण ती बिलात वळती करतात, आधी विचारा.
- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची भेट : ४०० ते ७०० रुपये आणि वर जीएसटी.
- फ्रिजची पीटीसी रिले : ८० ते २५० रुपये. ओव्हरलोड : ६० ते १५०. एकत्र डबी : १५० ते ४००.
- रनिंग कंडेन्सर : १५० ते ३५०. स्टार्टिंग कंडेन्सर : १०० ते २५०.
- एक एचपीचं नवं पॅनल : १,२०० ते ३,०००.
- एक एचपी सबमर्सिबलचं वायंडिंग भरणं : २,००० ते ४,०००. मोटर बोअरमधून वर काढण्याची आणि परत सोडण्याची मजुरी वेगळी, आणि खोली वाढेल तशी ती वाढते.
- फ्रिजचा नवा कॉम्प्रेसर, गॅससह : ५,००० ते ९,०००.
- फ्रिजसाठी स्टॅबिलायझर : १,५०० ते २,५००.

म्हणजे रिलेचं काम घरी येऊन केलं तरी एकूण ४०० ते ८०० रुपयांत बसायला हवं. नुसत्या रिलेसाठी कोणी दीड-दोन हजार सांगत असेल तर भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागा.

सिंगल डोअर फ्रिज दहा-बारा वर्षांचा झाला असेल आणि कॉम्प्रेसर खरंच गेला असेल, तर त्यात सात हजार घालण्याआधी नव्याचा भाव काढा. रिले किंवा ओव्हरलोड मात्र फ्रिज कितीही जुना असला तरी बदलावी.

मेकॅनिककडून काय मागायचं

कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं तर तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा : गुरगुरताना व्होल्टेज किती, रिलेचं मीटरवर काय येतं, आणि तीन पिनांची बेरीज जुळते का. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. सोलापुरात यंत्रमागांमुळे मोटर बांधणारे जाणते कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्याला आपलं काम येतं, तो मीटर लावून दाखवायला कचरत नाही.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असली तरी रिले, ओव्हरलोड, गॅस आणि मजुरी बहुधा पहिल्या वर्षापुरतीच असते. ‘कॉम्प्रेसर फुकट’ म्हणताना बाकीचं किती लागेल ते आधी लिहून घ्या.

काढलेला जुना भाग परत मागा. बिल घ्या आणि त्यावर भागाचं नाव, किंमत, तारीख आणि किती दिवसांची हमी हे लिहून घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक छापलेला असलाच पाहिजे. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, पण मग त्याला जीएसटी आकारताही येत नाही.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेची तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी नाही. बिल नसेल तर मात्र बाजू लंगडी पडते.

क्रम पक्का लक्षात ठेवा : व्होल्टेज, रिले, ओव्हरलोड, कंडेन्सर, वायंडिंग आणि मग कॉम्प्रेसर. खर्चही साधारण याच क्रमाने चढत जातो. खालच्या पायऱ्या तपासल्याशिवाय वरच्या पायरीचे पैसे देऊ नका.